सुपरहीरो-भूमिकाखेळांतील खलाचे आकर्षण

भूमिकाखेळ म्हणजे संहिता नसलेले नाट्य, असे स्थूलमानाने म्हणता येईल. चार-पाच खेळाडू मेजाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एकेक पात्र असते, आणि रस्ते, पोलीस, वाटसरू, शत्रू असे उरलेले सर्व जग एकटा सूत्रधार चालवितो. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाल्यावर हा प्रकार रूढ झाला. पुढे सुपरहीरोंच्या चित्रकथांचे जगही त्यात आले. १९८१ चा 'चॅम्पियन्स' हा त्यांपैकी एक विशेष प्रभावी खेळ होय. ह्या खेळांत खेळाडूने नायक व्हावे आणि खल सूत्रधाराकडे असावेत, हा सर्वसाधारण संकेत. असे असूनही पुष्कळ खेळाडूंस खलाची भूमिका हवीहवीशी वाटते, ती का?

दडपलेल्या वृत्तींना वाट मिळते, हे नेहमीचे उत्तर अगदीच चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. मोटारी फेकणे, भिंती फोडणे हे नायकासही मुक्त असते. त्याला नाकारलेली गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे आरंभ करण्याचा अधिकार. बँक लुटली जाते, मग नायक धावतो. नगरावर संकट येते, मग त्याची शक्ती प्रकट होते. सूत्रधाराचा "आता काय करता?" हा प्रश्न बहुधा खलाच्या कृतीनंतरच येतो.

व्याकरणाच्या परिभाषेत ही स्थिती अधिक स्पष्ट होते. पाणिनीने स्वातंत्र्य हे कर्त्याचे लक्षण मानले, आणि त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यास हेतू म्हटले. सुपरहीरोच्या कथेत लढणारा, वाचविणारा कर्ता नायकच असतो. परंतु तो प्रयोज्य कर्ता होय. प्रयोजक खल असतो. खेळाडूस खलाचे दुष्टत्व हवे असते असे नव्हे. त्याला हे प्रयोजकत्व हवे असते.

खेळांचे नियमही नकळत हेच सांगतात. 'चॅम्पियन्स'मध्ये हत्या न करण्याचे व्रत, गुप्त ओळख, आश्रित नातलग ह्यांची गणना उणिवांत होते, आणि त्या पत्करल्याबद्दल शक्ती घेण्यास जादा गुण मिळतात. सद्गुण हिशेबात तोट्याच्या बाजूस पडावा, हे मौजेचेच! १९८४ च्या 'मार्व्हल सुपर हीरोज'मध्ये सत्कृत्यांनी 'कर्म' नावाचे गुण साठतात, आणि नायकाने कोणास ठार केले तर ते सर्वच्या सर्व जातात.

मग खलाची भूमिका दिल्याने खेळाडूस स्वातंत्र्य लाभते काय? अनुभव संमिश्र आहे. 'सिटी ऑफ व्हिलन्स' ह्या २००५ च्या संगणकीय खेळात खलाला वर्तमानपत्र वाचून आपला गुन्हा निवडता येई. ही कल्पना मोठी मार्मिक होती. परंतु त्यातील बहुतेक कामगिऱ्या इतर पात्रेच नेमून देत. २००४ च्या 'नेसेसरी ईव्हिल'मध्ये परग्रहवासी आक्रमक नायकांचा नाश करतात आणि पृथ्वी वाचविण्याचे काम खलांवर येते. म्हणजे खल पुन्हा प्रयोज्यच झाले!

मेजावर आणखी एक अडचण उद्भवते. एकास एक प्रयोजक ठीक. पाच खेळाडूंचे पाच बेत निघाले म्हणजे सोबत्याचा विश्वासघात जवळ येतो. ह्या खेळांत "मी दार फोडतो" असे म्हणणे हीच, सूत्रधाराच्या संमतीने व फाशांच्या कौलाने, ती कृती ठरते. त्यातील 'मी' पात्राचा असतो आणि खेळाडूचाही. विश्वासघातानंतर मात्र खेळाडू एकाएकी तृतीय पुरुषात शिरतो: "माझे पात्र असेच वागणार." ज्याचा घात झाला तो सोबती मात्र प्रथम पुरुषातच दुखावलेला असतो. मित्रमंडळ्या मोडतात त्या येथे. नायकाच्या खेळाडूवर ह्या वाक्याचा आश्रय घेण्याची पाळी क्वचितच येते.

म्हणून जाणते सूत्रधार खेळापूर्वीच सर्वांस एकत्र बसवून, कोणाविरुद्ध काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ठरवून घेतात, आणि खेळ सुरू करताना "आता काय करता?" ऐवजी "तुमचा बेत काय?" असे विचारतात. हाच प्रश्न नायकांस विचारला, त्यांस स्वतःहून एखादी वस्ती सुधारण्याचा किंवा तुरुंगातील जुन्या शत्रूस माणसांत आणण्याचा बेत करू दिला, तर खल होण्याची मागणी बरीच मंदावते.