कासवाला चालवणारी मुले

सेमूर पापर्ट यांचा जन्म २९ फेब्रुवारी १९२८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. अगदी लहान वयात त्यांना मोटारगाडीच्या गिअरांचे वेड लागले. एक दातेरी चाक इतके फिरले तर दुसरे किती फिरेल, याचा हिशेब ते मनातल्या मनात करत. पुढे पाढे आणि समीकरणेही त्यांना चाकांच्याच रूपात दिसू लागली. हे वेड कोणी लावलेले नव्हते, आणि पापर्ट यांच्या मते महत्त्वाचे तेच होते. प्रत्येक मुलाला गिअर आवडतील असे नाही. मग ज्याला जे आवडेल ते होऊ शकणारे एखादे साधन मिळाले तर?

विटवॉटर्सरँड आणि केंब्रिज अशा दोन विद्यापीठांतून त्यांनी गणितातच दोनदा डॉक्टरेट मिळवली. तरुणपणी ते वर्णभेदविरोधी चळवळीतही होते. १९५८ ते १९६३ या काळात त्यांनी जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांच्याबरोबर काम केले. मूल स्वतःच्या अनुभवातून आपले ज्ञान रचत जाते, हा पियाजे यांचा सिद्धान्त. पापर्ट यांनी त्यात भर घातली ती अशी, की इतरांना दाखवता येईल अशी एखादी गोष्ट बनवताना ही रचना सर्वांत चांगली होते. या विचाराला त्यांनी ‘कन्स्ट्रक्शनिझम’ असे नाव दिले.

१९६३ मध्ये ते अमेरिकेतील एमआयटीत आले आणि मार्व्हिन मिन्स्की यांच्याबरोबर तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेची धुरा त्यांनी सांभाळली. दोघांच्या ‘पर्सेप्ट्रॉन्स’ (१९६९) या पुस्तकाने साध्या, एकस्तरीय न्यूरल नेटवर्कच्या मर्यादा गणिताने दाखवल्या. त्या शाखेतले संशोधन पुढे बराच काळ मंदावले, त्याचा दोष अनेक जण या पुस्तकाला देतात.

पापर्ट यांचे नाव शाळांपर्यंत पोहोचले ते मात्र लोगोमुळे. वॉली फोयरझाइग, सिंथिया सॉलोमन आदींबरोबर १९६७ मध्ये त्यांनी मुलांसाठी ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. तेव्हा संगणक म्हणजे मोठ्या संस्थांनाच परवडणारे अवाढव्य यंत्र होते. तो मुलांच्या हाती द्यायचा, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटे. लोगोत लवकरच ‘कासव’ आले: आधी जमिनीवर चालणारा छोटा यंत्रमानव, मग पडद्यावरची खूण. ‘पुढे १००’ म्हटले की ते तेवढी पावले सरकते, ‘उजवीकडे ९०’ म्हटले की काटकोनात वळते, आणि मागे रेघ उमटत जाते.

समभुज त्रिकोण काढताना मुले हमखास चुकतात. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून ती कासवाला ६० अंश वळवतात. त्रिकोण काही मिटत नाही, आणि तीच आज्ञा सहा वेळा दिली तर षटकोन तयार होतो. इथे पापर्ट यांचा सल्ला असे, की स्वतः कासव व्हा आणि चालून पाहा. त्रिकोणाला फेरी मारून मूल मूळ दिशेला तोंड करून उभे राहते, तेव्हा ते एकूण ३६० अंश वळलेले असते. वळणे तीन, म्हणजे प्रत्येक वळण १२० अंशांचे. वहीत लाल रेघ ओढून संपणारी चूक इथे शोधून दुरुस्त करायची गोष्ट ठरते.

‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) या पुस्तकात त्यांनी हे सारे मांडले. शाळांमध्ये संगणकच मुलाला प्रोग्राम करतो, प्रत्यक्षात मुलाने संगणकाला प्रोग्राम करायला हवे, हे त्याचे मुख्य म्हणणे. लेगो कंपनीने १९९८ मध्ये आपल्या यंत्रमानव-संचाला याच पुस्तकाचे नाव दिले.

लोगो शाळाशाळांत गेली आणि तिथेच अडचण सुरू झाली. रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवले, की लोगो शिकलेल्या मुलांची नियोजनक्षमता इतर मुलांपेक्षा वाढलेली दिसत नाही. पापर्ट यांचे उत्तर होते, की परिणाम एकट्या यंत्राचा मोजायचा नसतो, त्याभोवतीच्या शिकण्याच्या संस्कृतीचा मोजायचा असतो. उत्तरात तथ्य आहे. पण अपयश दर वेळी शाळेच्याच माथी मारले, तर सिद्धान्ताची परीक्षा कधी होणारच नाही.

२००२ मध्ये अमेरिकेतील मेन राज्याने सातवीच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले, त्यामागे पापर्ट यांचा आग्रह होता. २००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटे यांनी ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही मोहीम जाहीर केली, तिच्या मुळाशीही त्यांचेच विचार होते. भारताच्या शिक्षण खात्याने २००६ मध्ये तिला नकार दिला, तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका छोट्या शाळेत तिचा प्रयोग झाला. पेरूने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र गणित आणि भाषा या विषयांत प्रगती आढळली नाही. शिक्षकांची तयारी करून घेण्याचे काम बहुतेक ठिकाणी मागेच राहिले होते.

डिसेंबर २००६ मध्ये हनोईत एका परिषदेसाठी गेले असताना रस्ता ओलांडताना पापर्ट यांना मोटारसायकलची धडक बसली. मेंदूला झालेल्या त्या दुखापतीने त्यांचे सार्वजनिक काम जवळपास थांबले. ३१ जुलै २०१६ रोजी मेनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

त्यांचे सहकारी मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ हे मुलांसाठीचे प्रोग्रामिंगचे साधन जगासमोर आणले. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून मुले गोष्टी आणि खेळ रचतात. रेझनिक एमआयटीत ज्या पदावर आहेत, त्या अध्यासनाला आज पापर्ट यांचे नाव आहे.