शेपटीकडचा एक ग्रॅम

लेखमाला : हौशी विमानं, भाग 9

मागच्या भागात इंजिन, टाकी आणि मफलर जागच्या जागी बसले. विमान दिसायला तयार झालं, आणि नेमका इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. रविवार असतो, इंधनाचा डबा भरलेला असतो, इंदूरजवळच्या सांवेरकडे शेतांतला गहू निघालेला असतो. ‘एकदा उडवून तर बघू’ असं कुणीतरी म्हणतंच. तोल न बघता उडवलेलं विमान शेपटीकडे जड निघालं, तर हे बघणं चार-पाच सेकंदांत आटोपतं.

त्या चार-पाच सेकंदांत घडतं ते असं. वेग पुरेसा येण्याआधीच नाक वर उचललं जातं. आपण एलिव्हेटर खाली देतो, तर नाक हवं त्याहून जास्त खाली येतं. पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. मग एकदा नाक इतकं वर जातं की पंखांची उचल संपते, एक पंख झुकतो आणि विमान गिरकी घेऊन काळ्या मातीत. नवखा माणूस म्हणतो, रेडिओ बिघडला. रेडिओ बिचारा सांगितलं तेच करत होता.

याचं कारण दोन बिंदूंच्या जागेत आहे. एक गुरुत्वमध्य, ज्याला मैदानावर सगळे सीजी म्हणतात. दुसरा बिंदू डोळ्यांना दिसत नाही. झुळुकीने नाक जरा वर गेलं की पंखांची आणि शेपटीच्या आडव्या पंखाची उचल वाढते; ही वाढलेली उचल मिळून जिथे लागू होते ती जागा म्हणजे दुसरा बिंदू. नुसत्या पंखाचा विचार केला तर तो पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर असतो. शेपूट त्याला बरंच मागे नेते. सीजी या बिंदूच्या पुढे असेल तर वाढलेली उचल मागून लागते आणि नाक आपोआप खाली येतं. सीजी मागे गेला तर तीच उचल नाक आणखी वर ढकलते. म्हणजे विमान स्वतःची चूक सुधारण्याऐवजी वाढवत नेतं. सरळ पंखाच्या शिकाऊ विमानाला सीजी पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर ठेवायला सांगतात, ते या दोन बिंदूंत सुरक्षित अंतर राहावं म्हणून.

हा त्रास राईट बंधूंनाही चुकला नाही. त्यांच्या 1903 च्या विमानाचा सीजी फार मागे होता, म्हणून ते सतत वर-खाली डोलत असे. 1904 मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरीवर दुसरं विमान उडवताना त्यांनी इंजिन आणि वैमानिकाची जागा आणखी मागे सरकवून पाहिली. डोलणं वाढलं. शेवटी त्यांनी विमानाच्या पुढच्या टोकाला 70 पौंड, म्हणजे जवळजवळ 32 किलो लोखंड बांधलं. एकेका पौंडाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या दोघांना हे करताना काय वाटलं असेल! तेव्हा नाकात शिसं घालायची लाज वाटणाऱ्यांनी ती सोडावी. पण शिसं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आजचा सगळा भाग खरं म्हणजे एवढ्याचसाठी.

आमच्याकडे एका कॉलेजच्या मुलाने सेकंडहँड घेतलेलं विमान आणलं होतं. दीड मीटर पंखांचं, 40 नंबरच्या इंजिनाचं साधं ट्रेनर. 40 नंबर म्हणजे 0.40 घनइंच, साधारण साडेसहा सीसी. टाकी रिकामी असताना वजन 2400 ग्रॅम, पंखाची रुंदी 28 सेंटिमीटर. सीजी हवा पुढच्या कडेपासून 8 सेंटिमीटरवर. पंखाखाली दोन्ही बाजूंना 8 सेंटिमीटरवर मास्किंग टेपची खूण केली, विमान खुणांवर बोटांनी उचललं, आणि शेपूट धप्पकन खाली. बोटं मागे सरकवत नेली तेव्हा 9.7 वर ते आडवं राहिलं. म्हणजे सीजी 1.7 सेंटिमीटर मागे. फुटपट्टीवर हे काहीच नाही. आकाशात विमान जाण्याइतकं आहे.

‘‘काका, दीडशे ग्रॅम शिसं पुढे घातलं की झालं ना?’’

‘‘होईल की. पण आधी बॅटरी कुठे ठेवलीयस ते दाखव.’’

त्याचा अंदाज चांगला होता. 2400 ग्रॅम गुणिले 1.7 सेंटिमीटर म्हणजे 4080 ग्रॅम-सेंटिमीटर. एवढा भार पुढच्या बाजूने द्यायचा. इंजिनामागची लाकडी फायरवॉल हव्या त्या सीजीपासून 25 सेंटिमीटर पुढे. 4080 भागिले 25, म्हणजे 163 ग्रॅम. शिसं घालून भागलं असतं. पण ते 163 ग्रॅम प्रत्येक उड्डाणात वाहायचे, त्यासाठी उतरतानाचा वेग वाढवायचा, आणि खड्ड्यात चाक अडकलं की फायरवॉलला तेवढा जास्त दणका.

श्रावणात उज्जैनच्या वाटेवर कावडिये दिसतात. मागचं भांडं जड झालं तर कावडिया पुढच्या भांड्यात दगड टाकत नाही, खांदा सरकवतो. विमानात खांद्याची जागा पंखाने ठरवून टाकलेली असते, म्हणून भांडी सरकवायची.

सर्वांत सरकवण्यासारखी वस्तू म्हणजे रिसीव्हरची बॅटरी. चार सेलचं पॅक, 110 ग्रॅम. आधीच्या मालकाने सोयीसाठी ते पंखाखाली, सीजीच्या 6 सेंटिमीटर मागे ठेवलं होतं. फोममध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते टाकीखाली, सीजीच्या 17 सेंटिमीटर पुढे ठेवलं. एकूण 23 सेंटिमीटर, गुणिले 110, झाले 2530. एक ग्रॅमही न वाढवता निम्म्याहून जास्त काम झालं. पिशवी विसरू नका. टाकीची नळी कधी ना कधी पाझरतेच.

मग शेपूट. शेपटीच्या आडव्या पंखाचा मध्य सीजीपासून 75 सेंटिमीटर मागे होता, म्हणजे फायरवॉलच्या तिप्पट लांब. शेपटीवरचा एक ग्रॅम उतरवला की नाकातले तीन ग्रॅम वाचतात. इथे पूर्वी केव्हातरी मोडलेल्या जोडावर एपॉक्सीचा जाड थर होता. पॉलिश पेपरने तो घासला, आणि तेल पिऊन काळपट झालेली बाल्साची एक पट्टी काढून नवी बसवली. तेल पिणं हा या इंजिनांचा खास रोग आहे. नायट्रो इंजिनाच्या इंधनात बहुतेक भाग मिथेनॉलचा, 5 ते 15 टक्के नायट्रोमिथेन, आणि 18-20 टक्के तेल. त्यात एरंडेल बरेचदा असतंच. तेल फारसं जळत नाही. मफलरमधून बाहेर पडतं आणि धडाच्या कडेने वाहत शेपटीवर जाऊन बसतं. आवरणाची एखादी कड सुटलेली असेल तर लाकूड ते शोषून घेतं. म्हणून दोन-तीन सीझन झालेलं विमान विकत घेताना मी आधी शेपटीच्या सांध्यांवर नखाने दाबून बघतो. मऊ लागलं तर भाव पाडायला हरकत नाही. इथे 8 ग्रॅम निघाले. आठ गुणिले 75, सहाशे.

इंजिनाच्या माउंटवर पुढे सरकायला एक सेंटिमीटर जागा होती. नवी भोकं पाडली. मफलरसकट 450 ग्रॅमचं इंजिन 1 सेंटिमीटर पुढे, म्हणजे 450. थ्रॉटलची तार तेवढी लांब करावी लागली, तो अर्ध्या तासाचा वैताग वेगळा.

बेरीज 3580. उरले 500. प्रोपेलरचा नट सीजीपासून 33 सेंटिमीटरवर होता, तेव्हा तिथे 15 ग्रॅम वाढले की काम भागलं. ॲल्युमिनियमच्या नटाऐवजी 15 ग्रॅम जास्तीचा पितळी नट लेथवर करून घेतला. 163 ग्रॅमचे 15 ग्रॅम झाले.

शिसं घालावंच लागलं तर टायरच्या दुकानात मिळतं. व्हील बॅलन्सिंगला 5 आणि 10 ग्रॅमचे चिकटपट्टीचे तुकडे वापरतात, मोजायला ते फार सोयीचे. मात्र त्यांची चिकटपट्टी आपल्या इंधनापुढे टिकत नाही. मिथेनॉल आणि तेलाच्या ओलीने ती सुटते, आणि टाकीच्या कप्प्यात सुटा झालेला तुकडा नेमका थ्रॉटलच्या तारेत अडकतो. चिकटपट्टी काढून टाका, तुकड्याला भोक पाडून स्क्रूने फायरवॉलवर आवळा, वर एपॉक्सी. स्क्रू टाकीत घुसणार नाही एवढं बघा.

आता एक गोष्ट जी अनुभवी लोकही घाईत विसरतात. तोल रिकाम्या टाकीवर बघायचा. आपली टाकी 280 मिलीची. भरली की सुमारे 250 ग्रॅम इंधन, सीजीच्या 14 सेंटिमीटर पुढे. इंधन जळत जातं तसं नाक हलकं होतं. भरल्या टाकीवर 8 सेंटिमीटरला तोल जमवलात, तर टाकी संपताना तो 9.5 च्या आसपास गेलेला असेल. म्हणजे उड्डाण झकास, आणि उतरायच्या वेळी, इंजिन मंद, वेग कमी, जमीन जवळ, तेव्हा विमान शेपटीकडे जड. लँडिंगला विमान ‘अचानक’ वर उसळून पडल्याच्या बऱ्याच कथांमागे हे असतं. रिकाम्या टाकीवर तोल बरोबर असेल तर भरल्या टाकीवर नाक जरा जड राहील. राहू दे. नाकाला जड विमान आळशी असतं, हट्टी नसतं.

मोठ्या विमानांनाही यातून सूट नाही. 8 जानेवारी 2003 ला अमेरिकेत शार्लटहून निघालेलं एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट 1900डी उड्डाण घेताच नाक वर करत गेलं, स्टॉल होऊन कोसळलं आणि आतली सर्व 21 माणसं गेली. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. देखभालीत एलिव्हेटरची केबल चुकीची जुळवल्यामुळे नाक खाली आणायला पुरेसा एलिव्हेटर उरलेला नव्हता, आणि सीजी मर्यादेच्या बराच मागे होता. माणसांचं आणि सामानाचं वजन ठरलेल्या सरासरीवरून धरलेलं होतं; प्रत्यक्षात ते जास्त भरलं. नंतर अमेरिकेत त्या सरासऱ्या वाढवाव्या लागल्या. आपल्याकडे निदान विमान बोटांवर उचलता येतं.

बोटांवर तोलताना दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा. खालच्या पंखाचं विमान असेल तर उलटं धरून तोला. नाक किंचित खाली झुकलेलं असावं. मग स्पिनर आणि शेपटीचं टोक धरून आडवा तोलही बघून घ्या. मफलर एका बाजूला असल्याने त्या बाजूचा पंख बरेचदा झुकतो.

पहिल्या उड्डाणाला एलिव्हेटरची हालचाल कमी ठेवा. तरीही विमान शेपटीकडे जड लागलं तर थ्रॉटल एकदम ओढू नका. वेग हाच आधार असतो. छोट्या हालचाली, मोठं वळण, आणि नेहमीपेक्षा वेगाने, लांबवर उतरवा. शेवटी नाक उचलायचा मोह नको.

नीट उडालं तर उंचावर नेऊन पारखून बघा. आधी सरळ उड्डाणाला ट्रिम करा, मग थ्रॉटल बंद करून 30-40 अंशांत नाक खाली घाला आणि काठी सोडून द्या. विमान झपाट्याने वर आलं तर नाक जड. आणखी खोल डुबकी मारायला लागलं तर शेपूट जड; लगेच सावरा. हळूहळू आपणहून वर येऊ लागलं तर तोल ठीक.

सांवेर ओळखलं जातं ते उलट्या हनुमानामुळे. अहिरावणाच्या तावडीतून राम-लक्ष्मणांना सोडवायला मारुती इथून पाताळात गेला, म्हणून मूर्ती डोकं खाली. दर्शन घेऊन आलेल्या एखाद्याला मग विमानही उलटं उडवायची हुक्की येते. हरकत नाही, त्यातूनही तोल कळतो. उलटं उडताना नाक सावरायला खूप डाऊन एलिव्हेटर लागत असेल तर नाक जड, काहीच लागत नसेल तर सीजी बराच मागे आहे. कसरतीची विमानं मुद्दाम त्या बाजूला झुकवलेली असतात. ट्रेनरच्या मालकाने त्यांची नक्कल करू नये.

शेतावर पाण्याचा ड्रम हवाच. मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, आणि आपल्या पट्टीच्या कडेला वाळलेली नरवाई (गव्हाची धसकटं) किंवा शेजाऱ्याचा उभा गहू असतो. नियमांचंही बघून घ्या. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण ते नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. आणि विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात परवानगी लागू शकते. सांवेर इंदूरच्या विमानतळापासून त्याहून बरंच लांब आहे, तरी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा त्या दिवशी उघडून बघितलेला बरा.

तोल जमला की तो आकडा पंखाच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून टाका, वर ‘टाकी रिकामी’ असंही लिहा. मफलर बदलला, बॅटरी बदलली, शेपटीची दुरुस्ती केली, की पुन्हा बोटांवर. आणि नव्या सीझनच्या आधी एकदा, काही बदललं नसलं तरी. एरंडेल आपलं काम गुपचूप करत असतंच.

पुढच्या भागात नव्या इंजिनाचं ब्रेक-इन आणि कार्ब्युरेटरची सुई. ग्लो प्लग दोन आणून ठेवा, एक जळणारच.