दप्तरखान्याची वाट धरतांना

शिक्षकी, वकिली किंवा बँकेची नोकरी सोडून जुन्या कागदपत्रांच्या सांभाळाला वाहून घ्यावें, असें मनांत आणणारीं माणसें पुण्यांत अधूनमधून भेटतात. बहुतेकांची शंका एकच : या वयांत हें साधेल काय, आणि त्यासाठीं काय शिकावें?

वयाची शंका रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या उदाहरणानें फिटावी. १८८९ पासून १९२५ पर्यंत ते बडोदें सरकारच्या नोकरींत होते. निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर, त्यांनीं पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचें संपादन हातीं घेतलें. १९३० ते १९३४ या अवधींत त्याचे ४५ खंड निघाले. रंगनाथन मद्रासला गणिताचे अध्यापक होते. १९२४ सालीं ते तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि गणिताची शिस्त त्यांनीं पुस्तकांच्या वर्गीकरणांत आणली. पूर्वीचा व्यवसाय वायां जात नाहीं. हिशेबनिसाला जमाखर्च उलगडतो, वकिलाला सनद व निवाडा यांतील भेद कळतो, शिक्षकाला नाना तऱ्हेचीं हस्ताक्षरें लावण्याची सवय असते.

एक गोष्ट मात्र नव्यानें शिकावी लागते, आणि ग्रंथालयांतून येणारालाच ती अधिक जड जाते. ग्रंथपाल पुस्तकें विषयवार लावतो. दप्तरांतला कागद ज्या कचेरींत, ज्या ओघांत निर्माण झाला, त्याच क्रमानें ठेवावयाचा असतो. पेशवे दप्तरांत रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी असे निरनिराळे भाग आहेत. रोजकीर्दींतील हत्तीच्या खर्चाचा कागद मौजेचा म्हणून ‘हत्ती’ या सदराखालीं वेगळा काढला, कीं तो खर्च कोणत्या दिवशीं, कोणत्या रकमांच्या शेजारीं पडला हें कळण्याचें साधनच नाहींसें होतें. विषयांच्या याद्या हव्या तितक्या कराव्या. रुमाल मात्र सोडला त्याच क्रमानें बांधावा.

हा केवळ विद्वानांचा हट्ट नव्हे. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें जमिनींच्या हक्कांची चौकशी केली, तेव्हां जुन्या दप्तरांतील नोंदींवर कित्येक घराण्यांचें उत्पन्न राहिलें वा गेलें. कागद जागचा हलला, तर त्याची साक्षही दुबळी होते.

दुसरें कौशल्य मोडीचें व कालगणनेचें. अक्षरें ओळखणें कांहीं महिन्यांत जमतें; खरी परीक्षा तारखेची. मराठेशाहींतील कागदांत सुहूर सन अरबी अंकनामांनीं लिहीत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यांत ६०० मिळविले कीं १७६१ येतें. परंतु हें वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होई. म्हणून आरंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदांस ५९९ च मिळवावे लागतात. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ चा. त्याच सनांतील सप्टेंबरचें पत्र १७६० चें असतें. हा हिशेब चुकला, तर रणांत पडलेले सदाशिवरावभाऊ आठ महिन्यांनंतर पत्र लिहूं लागतात!

तिसरें कौशल्य हाताचें. मोडी कागदांवरील शाई बहुधा काजळाची. ती शतकें टिकते, पण पाणी लागल्यास पसरूं शकते. म्हणून ओला उपचार करण्यापूर्वीं एका कोपऱ्यावर तिची परीक्षा घ्यावी. फाटका कागद चिकटपट्टीनें जोडूं नये. तिचा डिंक पिवळा पडून कागदांत उतरतो. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ व तलम जपानी कागद यांचा जोड पुढें गरज पडल्यास सोडवितां येतो. पावसाळ्यांत कोठींतील हवेचा ओलावा रोज मोजावा. बुरशी डोळ्यांना दिसते तेव्हां ती आधींच पसरलेली असते. संगणकावर प्रतिमा घेतल्या तरी प्रत्येकीस रुमालाचा व कागदाचा क्रमांक जोडावा; त्यावांचून ती प्रतिमा म्हणजे निनांवी चिठीच.

शिक्षणाची सोय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत या विषयाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. पुणें विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्र शिकवितात. आणि १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग भरवीत आलें आहे. तरी हातची नोकरी सोडण्याची घाई करूं नये. आधीं कांहीं महिने संध्याकाळीं मोडी शिकावी आणि एखाद्या संग्रहांत, अनुमतीनें, नुसती यादी करण्याचें काम करावें. शंभर कागदांपैकीं अठ्ठ्याण्णव रुक्ष निघतील. त्या अठ्ठ्याण्णवांची नोंद उरलेल्या दोहोंइतक्याच काळजीनें लिहितां आली, तर या कामास लागणारा स्वभाव आपल्यापाशीं आहे असें समजावें. बाकीचें शिकतां येतें.