मित्रांसोबत पिझ्झा : विचारायला संकोच कशाला?

निकाल लागला, कुणाला नोकरी मिळाली, कुणी सुट्टीत गावी आले, की मुले म्हणतात, "चला, पिझ्झा खायला जाऊ." तालुक्याच्या गावातही आता चार टेबले आणि एक ओव्हन असलेले पिझ्झाचे दुकान दिसते. अशा वेळी अम्मी-अब्बांच्या मनात शंका असते, "तिथे आपल्याला चालेल असे काय मिळते?" मुलांची अडचण वेगळीच असते. सगळ्यांदेखत विचारले तर मित्र काय म्हणतील?

मुळात गरिबाचे खाणे

पिझ्झा आज मॉलमध्ये मिळत असला, तरी त्याचा जन्म इटलीतील नेपल्स या बंदराच्या शहरात, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत झाला. खमीर घातलेली पिठाची पोळी, वर टोमॅटो, लसूण आणि तेल. तिथल्या 'मारिनारा' पिझ्झावर आजही चीज नसते. १८७० पासून चालत आलेल्या 'दा मिकेले' या दुकानाचे नाव मारिनारा आणि मार्गेरिता या दोनच प्रकारांवर झाले. लाकडाच्या धगधगत्या भट्टीत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. पिझ्झा बनवणाऱ्या कारागिरांच्या या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

या शहराची एक जुनी रीत आपल्यालाही आवडण्यासारखी आहे. हातात पैसा नसलेल्या माणसाला पिझ्झा आज खाऊन पैसे आठ दिवसांनी देता येत. काही दुकानांत गिऱ्हाईक आपल्या पिझ्झाबरोबर आणखी एकाचे पैसे भरून जाते. नंतर येणाऱ्या एखाद्या गरजूला तो पिझ्झा मिळतो. देणारा कोण, हे त्याला कळतही नाही.

नेमके काय विचारायचे?

सर्वात आधी मांस. 'हॅम' आणि 'बेकन' ही नावे सहसा डुकराच्या मांसाची असतात. 'पेपरोनी' अमेरिकेत बहुधा डुकराचे आणि गाईचे मांस मिसळून बनवतात. आपल्याकडे चिकनची पेपरोनीही मिळते, म्हणून नावावर न जाता ती कशाची आहे ते विचारावे. गंमत अशी, की इटलीत 'पेपेरोनी' म्हणजे चक्क ढोबळी मिरची! चिकन असेल तर ते हलाल आहे का आणि कुठून आणता, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट चीज. दूध फाटण्यासाठी त्यात रेनेट घालतात. ते वासराच्या जठरातून काढतात किंवा सूक्ष्मजीवांपासून तयार करतात. इटलीच्या अस्सल पार्मेझानमध्ये वासराचेच रेनेट असते. आपल्या देशात पाकिटावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल, तर त्या चीजमध्ये प्राण्याचे रेनेट नसावे, असा नियम आहे. प्राण्याच्या रेनेटबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. कोकणातील शाफई घरे आणि घाटावरची हनफी घरे यांनी आपापल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट सुरी आणि ट्रे. व्हेज पिझ्झा मागवला, पण त्याच चाकाच्या सुरीने आधी हॅमचा पिझ्झा कापला असेल तर? सुरी धुऊन द्या किंवा वेगळी वापरा, असे सांगितले तर बहुतेक दुकानदार आनंदाने ऐकतात.

हा प्रश्न एकट्याचा नाही

टेबलावर जैन मैत्रीण असेल, तर तिला कांदा-लसूण चालत नाही आणि सुरीची शंका तिलाही असते. कुणाचा सोमवारचा उपवास असतो, कुणाला दूध पचत नाही. म्हणजे मनात प्रश्न जवळपास प्रत्येकाच्या असतो आणि संकोचाने सगळेच गप्प बसतात. अशा वेळी एकाने मोकळेपणाने म्हणावे, "मला हलालच चालते, तुमचेही सांगा, मग ऑर्डर देऊ." त्याने कुणाचा अपमान होत नाही. उलट गप्प बसून फक्त कोल्ड्रिंक पीत राहिलेला मित्रच सगळ्यांना अवघडून टाकतो. शक्य असेल तर जाण्याआधीच दुकानात फोन करून विचारावे, म्हणजे टेबलावर चर्चा लांबत नाही.

नेपल्समध्ये प्रत्येकाचा पिझ्झा वेगळा असतो. एक पिझ्झा चौघांत वाटून खाणे ही आपली आवड. बोहरा घरांत एका थाळाभोवती बसून जेवतात, तसेच काहीसे. पण वाटून खायचे तर तो सगळ्यांना चालणारा हवा. एक मोठा साधा चीज-टोमॅटोचा पिझ्झा मधे ठेवावा आणि बाकीचे ज्याचे त्याने घ्यावेत.

बिल आणि उरलेले तुकडे

चौघांपैकी एकाच्या घरची परिस्थिती बेताची असते, हे बाकीच्यांना ठाऊक असते. तिथे "समान वाटणी" म्हणण्याआधी थोडा विचार व्हावा. ज्याच्याकडे आहे त्याने उठून गुपचूप बिल भरावे, नंतर त्याचा उल्लेखही करू नये. आणि भूक पाहूनच मागवावे. चार तुकडे उरलेच, तर ते बांधून घ्यायला लाजू नये. अन्न टाकून देणे हा इस्राफ आहे. रात्री घरी परतणाऱ्या मुलाच्या हातात ते पार्सल दिसले, तर अम्मीने रागावू नये. लहान भावंडे वाटच पाहत असतात.