इलेक्ट्रॉनिक परिपथाचा पेटंट-दावा : 'सहज सुचणारा' कोणता?

प्रस्तावना : इलेक्ट्रॉनिक परिपथातील बहुतेक घटक परिचित असतात. मग त्यांच्या नव्या जुळणीस पेटंट केव्हा मिळावे? भिवंडी तालुक्यातील कोनसारख्या गावातून प्रकल्प सादर करणाऱ्या विद्यार्थ्यास मार्गदर्शन करताना प्राध्यापकांपुढे हा प्रश्न येतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

कायदेशीर निकष : पेटंट कायदा, १९७० च्या कलम २(१)(जेए) नुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असावे आणि तो त्या क्षेत्रातील जाणकारास सहज सुचणारा नसावा. कलम ३(एफ) नुसार आपापले ज्ञात कार्य स्वतंत्रपणे करणाऱ्या उपकरणांची केवळ मांडणी हा शोध ठरत नाही. रोश विरुद्ध मुंबईस्थित सिप्ला या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली परीक्षणाचे टप्पे सांगितले : जाणकार कोण, दाव्यातील शोधकल्पना कोणती, अग्रक्रम-दिनांकास सामान्य ज्ञान काय होते, पूर्वज्ञानाशी फरक कोणता, आणि पश्चातबुद्धी टाळून पाहता तो फरक सहज सुचला असता काय. खटला औषधाचा असला तरी हे टप्पे परिपथासही लागू पडतात.

उदाहरण : ताण्याचा धागा तुटताच माग थांबविणाऱ्या परिपथाची कल्पना करू. तुटलेल्या धाग्यावरील ड्रॉपर खाली पडून विद्युत-संपर्क जोडतो, ही योजना जुनी आहे. संपर्काऐवजी प्रकाश-संवेदक बसविणे हा ज्ञात पर्याय होय. संवेदकावर कापसाची तूस साचून प्रकाश हळूहळू मंदावतो व माग विनाकारण थांबतो. त्यावर उपाय म्हणून कपॅसिटर जोडून केवळ आकस्मिक बदल पुढे पाठविला, तर तेही पाठ्यपुस्तकी ज्ञानच ठरण्याचा संभव अधिक. मात्र पूर्वसाहित्य त्या मार्गापासून परावृत्त करीत असेल, किंवा घटकांच्या परस्परक्रियेतून अनपेक्षित परिणाम मिळत असेल, तर दावा टिकू शकतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात, मोटारीच्या समायोज्य पेडलवर इलेक्ट्रॉनिक संवेदक बसविण्याचा दावा सहज सुचणारा ठरविला. तथापि, सर्व घटक पूर्वज्ञात असणे एवढ्यावरूनच दावा सहज सुचणारा ठरत नाही, त्यांची तशी जुळणी करण्यास कारण होते काय हे पाहावे लागते, असेही त्या न्यायालयाने स्पष्ट केले.

समारोप : उत्तर पाहिल्यावर प्रत्येक परिपथ सोपा वाटतो. म्हणून परीक्षणाचा आरंभ उत्तरापासून न करता अग्रक्रम-दिनांकाच्या दिवशी जाणकारासमोर असलेल्या समस्येपासून करावा. विद्यार्थ्यानेही अयशस्वी प्रयोगांची दिनांकित नोंद ठेवावी. नेहमीचे उपाय का अपुरे पडले, हे दाखविण्यास ती उपयुक्त ठरते.