दुखरी दाढ, घटतं वजन

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत,’ असं म्हणून आपण किडीकडे काणाडोळा करतो. फिलिपिन्समध्ये २००६च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या ९७ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले. त्यातही वाईट म्हणजे बहुतेकांची कीड आत शिरून संसर्ग झालेला होता. दाढ ठणकत असली की मूल घास एका गालात धरून बसतं, भाताऐवजी बिस्किट मागतं, रात्री झोपत नाही. तिथल्याच बारा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात अशा संसर्गाचा संबंध कमी वजनाशी आढळला. उलट बाजूही आहे: दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटातच सुरू होते, त्यामुळे कुपोषणात इनॅमल कच्चं राहतं आणि लवकर किडतं.

फिलिपिन्सने उपाय शाळेतच केला, तोही स्वस्तातला. रोज सगळ्यांनी मिळून फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे, साबणाने हात धुवायचे, वर्षातून दोनदा जंताची गोळी घ्यायची. दंतवैद्याची वाट बघायची नाही.

मुलाचं वजन वाढत नसेल, तर टॉनिक आणण्याआधी त्याला ‘आ’ करायला सांगा आणि मागच्या दाढा बघा.