फिर्याद द्यायची कोणी?

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. एरवी दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा इथे उत्तरवाहिनी होते, म्हणून स्नानाचे पुण्य मोठे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतून माणसे लोटतात. पाय मुरगळलेली म्हातारी असो की पोट बिघडलेला भाविक, सारे आरोग्य खात्याच्या सिस्टरकडे येतात. ‘डॉक्टर कुठे आहे?’ म्हणत अंगावर धावून येणारा एखादा झिंगलेला वीरही तिच्याच वाट्याला. त्याने हात उगारला तर पुढे काय होते, हा आजचा विषय.

नोकरीची काही वर्षे मी या भागातल्या एका शाखेत होतो. पगाराच्या दिवशी उपकेंद्रांतल्या सिस्टर आणि आडरानातल्या शाळांचे गुरुजी काउंटरवर येत. एकदा एका सिस्टरबाईंची सही नमुन्याशी जुळेना. मनगट बांधलेले होते. ‘पडले, साहेब,’ त्या म्हणाल्या. सोबतच्या बाईंनी खरे ते मागाहून सांगितले. बाळंतिणीला तालुक्याला न्या म्हटले, म्हणून तिच्या नवऱ्याने हात पिरगाळला होता. वरिष्ठांचे म्हणणे पडले, ‘कशाला वाढवता? त्याच गावात राहायचे आहे ना?’

आमच्या बँकेत रोकड शंभर रुपयांनी कमी भरली, तरी नोंद झाल्याशिवाय शाखेला कुलूप लागत नसे. दरोडा पडला तर रोखपालाने एकट्याने पोलीस ठाण्याची पायरी चढावी, असे कोणी म्हणत नाही. फिर्याद बँकेची असते. कारखान्यांचेही तसेच. अपघातात जखमी झालेला कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर कळवण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्याने व्यवस्थापकावर टाकली होती. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात यंत्रात सापडलेल्या बोटाला असा वाली होता; उपकेंद्रातल्या मनगटाला नव्हता.

न कळवण्याची किंमत काय असते, हे मुंबईने पाहिले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूला कायमची इजा झाली. लैंगिक अत्याचाराची बाब मात्र रुग्णालय प्रशासनाने पोलिसांपुढे आणली नाही. तिचे लग्न ठरलेले, बभ्रा नको, हा हेतू चांगलाही असेल. परिणाम असा, की त्या अत्याचाराचा खटला उभाच राहिला नाही आणि हल्ला व जबरी चोरी यांबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगून आरोपी मोकळा झाला. अरुणाताई जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात निपचित पडून होत्या; १८ मे २०१५ ला गेल्या. सहकारी परिचारिकांनी केलेल्या त्यांच्या सेवेला तोड नाही.

महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय सेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. गुन्हा अजामीनपात्र, कैद तीन वर्षांपर्यंत. तरीही २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने असे मारले, की डोळ्याला गंभीर इजा झाली. खरा प्रश्न शिक्षेचा नाहीच, फिर्यादीचा आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या भीषण घटनेनंतर, १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने आपल्या रुग्णालयांना कळवले, की कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने संस्थेतर्फे गुन्हा नोंदवावा. सहा तास! मला तो कागद वाचून बरे वाटले. पण तो केंद्राच्या मोठ्या रुग्णालयांसाठी. चामोर्शी तालुक्यातल्या उपकेंद्राच्या दारापर्यंत त्याचे बळ कसे पोचणार? अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१७ पासून रुग्णालयांना असे हल्ले सरकारला कळवणे सक्तीचे केले आहे. दुखापत असेल तर २४ तासांत.

गुरुजींना तर २०१० च्या कायद्याचाही आधार नाही. जिल्हा परिषदेचा शिक्षक निदान ‘सरकारी कामात अडथळा’ या कलमाकडे बोट दाखवू शकतो. खासगी संस्थेतला मास्तर संचालकांच्या तोंडाकडे बघतो. आणि संचालकांना पटसंख्येची काळजी. शाळेच्या प्रमुखाला गुन्हा कळवायला भाग पाडता येत नाही, असे मात्र नाही. हाताखालच्या माणसाने मुलावर केलेला अत्याचार दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला २०१२ च्या पॉक्सो कायद्याने एक वर्षापर्यंत कैद ठेवली आहे. तशीच सक्ती मार खाल्लेल्या शिक्षकासाठीही हवी. जंगलातल्या दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक आणि मार खाणारा बहुधा एकच असतो. तिथे ठाण्यात जाऊन फिर्याद गटशिक्षणाधिकाऱ्यानेच द्यायला हवी, आणि तीही त्याच दिवशी.